काहिलीचं जहाज

सकाळीच सारवून वाळलेल्या सोप्यात हवालदार लालासाहेब मोहित्यांनी खडूने नदी काढली, नदीच्या पोटात तीन गोल काढले आणि बायकोला हाक मारली. चंद्राबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिने आधी सारवणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ह्ये काय मांडलंय?"

"बेटं. ह्ये म्हसोबाचं, ह्ये कलिंगडाच्या वाफ्याचं आन् ह्ये बगळ्यांचं. जहाजानं तिन्ही करायची, पोरास्नी घिऊन. दिस मावळायच्या आत माघारी."

"जहाज? किस्नामाईत?"

"थंडीत पानी उतरलेलं असतंय. काळजी न्हाई."

चंद्राबाई हसली नाही. हे जहाज कुणासाठी निघणार आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. लालासाहेब पलटणीबरोबर लढाईवर गेले तेव्हा अंजना तिच्या पोटात होती. लढाई संपून ते सुट्टीवर घरी आले तोवर पोर पाच वर्षांची झालेली. थोरला मुलगा कृष्णात एका दुपारीत बापाला चिकटला. अंजना मात्र बाप सोप्यात आला की दाराआड आणि दारात आला की थेट परड्यात. मिशा, बूट आणि कवायतीचा आवाज, तिन्हींची तिला धास्ती. बूट त्यांनी माळ्यावर टाकले, मिशा निम्म्या केल्या, पण आवाजाचं काय करणार? "ये गं बाळ" म्हणाले तरी पलटणीला हुकूम सोडल्यासारखं वाटायचं. आता सुट्टी संपत आली होती आणि पोरीने अजून एकदाही आपणहून बापाला हात लावला नव्हता. हे दुःख सांगावं कुणाला? गोळीबारात भाकरी खाल्लेला माणूस एवढ्याशा पोरीपायी झुरतो, हे काही चावडीवर बसून बोलायचं नव्हे.

एकच गोष्ट अंजनाला दाराच्या चौकटीपर्यंत ओढून आणायची, ती म्हणजे बेटं. लालासाहेब कृष्णातला जहाजातून पाहिलेल्या बेटांच्या गोष्टी सांगत. माल्टा, सिसिली, क्रीट! अंजना आडून ऐकायची. परवा तिने आडूनच विचारलं होतं, "त्या बेटावर कोन ऱ्हातंय?" पोरीने बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न. झालं! त्या रात्री हवालदारांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बेत पक्का झाला, पण जहाज कुठलं? गावची नाव डागडुजीसाठी काठावर पालथी पडलेली, तिच्या दोन फळ्या तर सुताराच्या अंगणात. राहिली काहील. उसाचा रस आटवायची ही लोखंडी कढई एवढी ऐसपैस, की आत निम्मी आळी मांडी घालून बसेल. पुराच्या दिवसांत याच काहिलीत बसून माणसं आणि शेरडं कृष्णा ओलांडतात, त्यात गावाला नवल नव्हतं. पण पूर येतो पावसाळ्यात. थंडीत गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि काहील चुलाणावरून खाली उतरत नाही. ऊस सोडून पोरांना फिरवायला काहील द्या म्हटलं, तर गावाने हवालदाराला वेड्यात काढलं असतं.

तोड लालासाहेबांनीच काढली. अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही रीत. बैल नाही तर चरक नाही, चरक नाही तर रस नाही, आणि रस नाही तर काहील मोकळी! ते तडक गुऱ्हाळावर गेले. गूळ करणारा गुळव्या नाथाजी म्हणजे तिथला राजा. त्याच्या परवानगीशिवाय तिथे माशीसुद्धा बसत नसे, असं तो स्वतःच सांगायचा.

"काहील देतो," नाथाजी म्हणाला, "पर मी संगं येनार. आन् धुयाची न्हाई हां! आदल्या दिवसाचा गूळ कडंला चिकटल्याला असतोय, त्यो दुसऱ्या दिवशी रसात जातोय. सांगलीच्या पेठंत माझ्या गुळाचं नाव हाय."

लालासाहेब खुशीत घरी आले, तर चंद्राबाईने कपाळाला हात लावला. "अवसंला परवास? आवं, अवसंला मानूस शेजारच्या गावाला जात न्हाई, आन् तुमी लेकरं घिऊन पान्यात निगाला!"

यावर तोड तिने काढली. वाईट दिवशी निघणं टळत नसेल, तर चांगल्या दिवशी सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्याला पस्तान म्हणतात. सामान निघालं की माणूस निघाला, मग अवस त्याचं काय वाकडं करणार? चंद्राबाईने आदल्या दिवशी धपाटी, शेंगांची चटणी आणि तिळाच्या भाकरी असं सगळ्यांचं जेवण फडक्यात बांधलं आणि समोरच्या धोंडुबाईच्या घरी ठेवून आली. देवापुढे हात जोडताना तिला एकच कळेना. धोंडुबाई लुगडं झटकत आपलंही गाठोडं का बांधत होती?

"पस्तान माझ्या घरातनं निगतंय म्हंजी मी बी निगाले की गं," धोंडुबाई म्हणाली. "बेटाच्या पल्याड माझी लेक दिल्याली हाय. मला तितं उतरा." धोंडुबाई नात्याने लालासाहेबांची चुलती आणि अंगाने भरपूर. तिला नाही म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती.

अवस उजाडली. आता काहील नदीवर न्यायची. लालासाहेब गाडी जुंपायला गोठ्यात गेले आणि दावणीशीच थबकले. काहील ज्या रितीमुळे मोकळी होती, त्याच रितीमुळे बैलही मोकळे होते. पलटणीत असा घोळ झाला असता तर कोर्ट-मार्शल झालं असतं.

थोरले भाऊ हंबीरराव मदतीला धावले. तालमीतले गडी गोळा करून काहील खांद्यावर न्यायचं ठरलं. गडी आले, वासे आले, आणि प्रत्येकाच्या बोटाला धरून एकेक पोरही आलं.

"ही पोरं कशापायी?" लालासाहेबांनी विचारलं.

"खांदा देनाऱ्याच्या पोराला जागा नगो व्हय?" हंबीरराव म्हणाले. "फुकाट कोन उचलंल रं?"

काठावर लालासाहेबांनी इस्तरीच्या खाकी कपड्यांत पोरांची हजेरी घेतली. तोवर काहिलीच्या बुडाची काजळी निम्म्या पोरांच्या तोंडाला आणि उरलेली सगळी हवालदारांच्या पाठीला लागली होती. अंजना आईचा पदर सोडेना. शेवटी धोंडुबाईने तिला उचलून काहिलीत आपल्या मांडीवर बसवलं. चंद्राबाई काठावरून ओरडली, "पस्तान घेतलं का?"

धोंडुबाईचा चेहरा पडला. "आगं, त्ये सांगायचंच ऱ्हायलं. रातच्याला शेरडानं सोडलं गं दावं. समदं खाल्लं त्येनं. फडक्याचा निम्मा तुकडा ऱ्हायलाय."

चंद्राबाई मटकन खाली बसली. पस्तान शेरडाने खाल्लं तर प्रवास नेमका कुणाचा सुरू झाला, याचा तिला उलगडा होईना. पण गड्यांनी तोवर काहील पाण्यात लोटली होती.

पुरात काहील नेताना पोहणारे गडी तिच्या कडा धरून पाण्यात उतरतात. पण मार्गशीर्षातल्या सकाळी त्या गार पाण्यात उतरणार कोण? गडी काठावर विड्या ओढत बसले. नाथाजीने रस हलवायचं लांब दांड्याचं फावडं आणलं होतं, तेच वल्हं. आता नाथाजीने उभ्या जन्मात फावडं फिरवलं ते काहिलीत, गोल गोल. त्याचा हात दुसऱ्या तऱ्हेने चालेना. त्याने पाण्यात फावडं घातलं आणि रस ढवळावा तशी कृष्णा ढवळायला सुरुवात केली. काहील जागच्या जागी फिरू लागली.

"सरळ चल की रं!" लालासाहेब गरजले.

"सरळच चाललोय. काहीलच फिरतीया!"

एवढ्यात भुकेल्या पोरांना कडेला चिकटलेला गूळ दिसला. सगळ्या फौजेने एका बाजूला धाव घेतली आणि नखांनी खरवडायला सुरुवात केली. काहील कलली. तिला सावरायला धोंडुबाई दुसऱ्या बाजूला सरकली, तर ती तिकडे कलली. नाथाजी "माझा गूळ! माझा गूळ!" करत अधिकच जोरात ढवळू लागला. काठ, झाडं, म्हसोबा आणि विड्या ओढणारे गडी डोळ्यांपुढून गरागरा फिरायला लागले.

"जो तो आपापल्या जाग्यावर!" एवढा एक हुकूम लालासाहेबांच्या तोंडून निघाला. दुसरा निघता निघता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाली बसले, मग आडवे झाले, आणि माल्टा-सिसिली पालथी घातलेल्या त्या माणसाने धोंडुबाईचा पदर दोन्ही हातांनी धरून हंबरडा फोडला, "आई गं! मेलो गं आई!"

पोरं गूळ खरवडायची थांबली. लालासाहेबांनी कडेवर मान टाकली आणि पोटातलं होतं नव्हतं ते बाहेर पडू लागलं.

"भाईर, हवालदार, भाईर!" नाथाजी कळवळून ओरडला. "काहिलीत न्हाई हां! उंद्या गूळ करायचाय त्यात!"

कृष्णातने शरमेने तोंड फिरवलं. त्याच्या दोस्तांसमोर त्याचा बाप ओकत होता. आणि तेवढ्यात धोंडुबाईच्या मांडीवरून अंजना उतरली. फिरत्या काहिलीत रांगत रांगत ती बापापाशी गेली आणि आई जसं तिचं धरायची, तसं तिने दोन्ही हातांनी त्याचं कपाळ घट्ट धरलं.

"व्हय व्हय," ती म्हणाली. "भिऊ नगा. मी हाय न्हवं. आनीक येतीया का?"

"येतीया," हवालदार म्हणाले.

"मग काडा समदी."

काहील कुणाच्याही मेहनतीशिवाय, आपल्याच मर्जीने म्हसोबाच्या बेटाला जाऊन टेकली. लालासाहेबांना वाळूवर निजवलं. अंजना शेजारी उकिडवी बसून त्यांच्याकडे निरखून पाहत होती. आता तिला मिशांचं काहीच वाटत नव्हतं.

"जहाजात बी असंच झालं व्हतं?"

"समद्या परवासात."

"मग बेटं कवा बगितली?"

खोटं रेटायची ताकद लालासाहेबांत उरली नव्हती. "न्हाई बगितली," ते हळू म्हणाले. "म्या खाली पडून हुतो. शेजारच्या फळीवर बिराप्पा हुता, माणदेशातला. मेंढरामागं हिंडनारा. त्येनं जल्मात भरल्याली नदी बी बगितली नव्हती, पर त्येला कायबी हुईना. त्यो वर जायाचा, बेट बगून यायाचा, आन् माज्या उशाला बसून समदं सांगायाचा."

"आता कुटं हाय त्यो?"

"तितंच ऱ्हायला. इटलीत."

"घरला न्हाई आला?"

"न्हाई."

घरी आल्यापासून बिराप्पाचं नाव त्यांनी कुणापुढे काढलं नव्हतं. आता ते आपसूक आलं. धोंडुबाईने पदर डोळ्यांना लावला. नाथाजीसुद्धा काहिलीची कड तपासायची सोडून पाण्याकडे बघत राहिला.

पोरं मात्र पोरंच. "पुढची बेटं कवा?" म्हणून त्यांनी गिल्ला केला. काठावरच्या गड्यांनाही आता बसवेना. ते थंडीने शिव्या घालत पाण्यात उतरले आणि पोहत आले. त्यांनी कडा धरल्या तशी काहील शहाण्यासारखी सरळ चालायला लागली.

"म्या न्हाई येत," लालासाहेब म्हणाले. "तुमी जावा." धोंडुबाईने लेकीचं घर रद्द केलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. अंजनाने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा काहिलीकडे, आणि धावत जाऊन काहिलीत चढली. लालासाहेबांनी कोपरावर उठून पाहिलं. एवढी जवळ आलेली पोर गेली की!

दोन्ही बेटं वाळूवरून लख्ख दिसत होती. कलिंगडाचे वाफे अजून घातलेच नव्हते. नुसती वाळू, एक मोडकी खोप आणि खोपीत झोपलेलं कुत्रं. अंजना तिथे चिखलात घसरून पडली, रडली, कृष्णातने तिला कडेवर घेतलं, तेही दिसलं. पुढच्या बेटावर बगळे होते. पोरांचा गलका ऐकून ते उडून गेले. काहील तिथून माघारी फिरली.

काहील टेकायच्या आधीच अंजनाने गुडघाभर पाण्यात उडी घेतली. ती चिखलाने माखलेल्या पायांनी वाळूतून पळत आली आणि धापा टाकत थेट बापाच्या उशाला बसली.

"सांगू, काय काय बगितलं?"

"सांग."

"एका बेटावर वाघ हुता. खोपीत निजला हुता. मी त्येला उटवला न्हाई. आन् दुसऱ्यावर पांडरी कापडं घातल्याली मानसं हुती, समदी एका पायावर हुबी. मी गेल्यावर ती वर गेली, आभाळात."

"आबा, खोटं बोलतीया!" कृष्णात ओरडला. "कुत्रं हुतं त्ये!"

"तू गप," लालासाहेब म्हणाले.

अंजनाने भावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बापाच्या कपाळावर हात ठेवून ती पुढे म्हणाली, "आन् चवथ्या बेटावर..."

"चवथं?" नाथाजी म्हणाला. "आगं, नदीत बेटं तीनच..." धोंडुबाईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

"काय हुतं चवथ्यावर?" लालासाहेबांनी विचारलं, आणि तिला ऐसपैस बसता यावं म्हणून ते वाळूत थोडे बाजूला सरकले.