सोप्यातील अ‍ॅम्प्लिफायरची मोहीम

जो नाद गळ्यांतून निघोन काळजांत मुक्काम करितो त्यास मुजरा करोन, मौजे महाळुंगे पडवळ येथील जंगाची हकीकत लिहितों, ती ऐसीजे.

बटाट्याच्या सरींचे धनी खासे गोरखराव, यांची धाकटी कन्या स्नेहल इची हळद ठरली, आणि राणीसाहेब साळुबाई यांनी जात्यावर ओवी म्हणणार नाही ऐसा पण केला. कारण की थोरलीच्या हळदीस मांडवांतील कर्ण्यांतून त्यांचा आवाज फाटोन निघाला आणि पावणेमंडळी हसली. तेव्हापासोन गळ्यास कुलूप. परंतु त्या हळदीचे आदले रोजी त्या दळतां दळतां गात असतां गोरखरावांनी तो सूर फोनांत धरोन ठेविला होता. तो चांगल्या यंत्रांतून बाईंच्या कानीं घालावा, म्हणजे कुलूप निघेल, ऐसी गुप्त मसलत करोन तीन अ‍ॅम्प्लिफायर पारखावयास सोप्यांत आणविले.

निरगुडसरचे डीजेवाले समाधानराव परीक्षक नेमिले. या मुलुखीं आवाज छातीवर तळवा ठेवोन मोजितात, सबब बैलगाडा शर्यतीच्या घाटांत भरोन घेतलेली हलगी लाविली. प्रथम क्लास डी जातीचे यंत्र, अंगाने कृश, ताकदीने हत्ती. समाधानरावांनी ठोका वाढविला, आणि लोणच्याची बरणी फळीवरोन चालत निघाली. मग नळ्यांचे यंत्र. काचेच्या नळ्या निरांजनासारख्या उजळल्या, सूर साखर जाहला, आणि मग शिवारांत पाण्याच्या मोटारी सुरू होवोन विजेचा दाब बसला, आणि हलगी मांजरागत घोरूं लागली. तिसरे क्लास एबी जातीचे, जड, काळे, मुखदुर्बळ. “छाती हालत न्हाई, राव,” ऐसा समाधानरावांनी निकाल दिला आणि ते परत खोक्यांत भरूं लागले.

तों स्वयंपाकघरांतून राणीसाहेबांचे फर्मान सुटले.

“हलगी पत्र्याच्या डब्यातूनबी वाजती. माणूस लावा, माणूस.”

गोरखरावांनी फोन त्याच काळ्या यंत्रास जोडिला. आधी जात्याची घरघर आली, मग बांगड्या, मग कोणी श्वास घेतला, आणि मग:

हळद दळिते बाई, जातं गुजगोष्टी बोलं
लेक निघाली सासरी, माझं आंगण झालं ओलं

साळुबाई उलथने हातीं घेवोन दारीं येवोन ठाकल्या. तव्यावरची भाकरी करपली, तिची दखल कोणी घेतली नाही.

“ह्यो गळा कुणाचा?”

“तुझाच.”

बाईंनी पुन्हा लावण्याचा हुकूम केला, आणि पुन्हा, आणि मग बोलल्या, “मंग तवा मांडवात हासली ती समदी बहिरी व्हती.”

तेच समयीं तह ठरला. हळदीस मांडवांत एकही कर्णा लागूं नये, आणि समाधानरावांनी यंत्रे घरीं ठेवोन मोकळ्या हाताने हळद लावावयास यावे.

ऐसे क्लास एबी फत्ते पावले, सोप्यांत स्थानापन्न जाहले, आणि हळदीचे दिवशी त्यास काम पडले नाही. साळुबाईंच्या पहिल्या ओवीस बायांनी सूर धरिला, आणि मग स्नेहल पिवळ्या हातांनिशी आईच्या गळ्यांत पडली, तेणेकरोन पुढील ओवी अर्धीच राहिली. मोहीम सिद्धीस गेली, हे लिहोन ठेविले.