रंगाची चौकशी

वंशभेद आणि रंगभेदाची चौकशी करायला एक आंतरराष्ट्रीय समिती मूल शहराजवळच्या एका गावात येणार होती, आणि तिच्यासाठी माणसं जमवायचं काम धनराजच्या गळ्यात पडलं होतं. दौरा नीट पार पडला तर समितीच्या नागपूर कचेरीत कायमची नोकरी मिळणार होती. एवढ्या आशेवर त्यानं नवा सफारीही शिवून घेतला होता.

गाडी ठरली, मांडव ठरला, जेवण ठरलं. अडलं ते दुभाष्यापाशी. गोंडी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही येणारा माणूस मिळेना. एक जण कबूल झाला होता, पण 'चौकशी' हा शब्द ऐकताच त्याला ताप भरला.

"गुणाबाईची चंचल हाये ना!" गाडीवाला जलालुद्दीन म्हणाला. "आश्रमशाळेत शिकवते. गोंडी येते, इंग्रजी तर फाडफाड बोलते."

धनराजला घाम फुटला. गेल्याच वर्षी तो चंचलला पाहायला गेला होता. दोन बशा पोहे खाऊन आला आणि मध्यस्थाकरवी सांगून पाठवलं, 'पोरगी सावळी आहे.' तो स्वतः काही केतकीचं पान नव्हता. उन्हात उभा राहिला तर सावलीच त्याच्यापेक्षा उजळ दिसे. पण अडला हरी म्हणतात तसं झालं. त्यानं गुणाबाईला फोन लावला.

"मावशी, विदेशातले पाहुणे चौकशीले येऊन राह्यले. चंचल पाहिजे होती."

आपल्याकडे पाहुणे, चौकशी आणि पोरगी एका दमात आली की अर्थ एकच होतो. गुणाबाई गहिवरली. "तूच स्थळ आणून राह्यला बाबू? पर रंगाचं सांगितलं ना त्याईले?"

"रंगाचीच तर चौकशी आहे, मावशी," धनराज म्हणाला. पुढचं समजावणं त्याच्या जिवावर आलं. बाई बिथरली तर दुभाषी हातची जायची. चंचलला मात्र त्यानं रीतसर नेमणूक पाठवली.

समिती आली. अध्यक्षा नैरोबीच्या वांजिकूबाई, चंचलहूनही गडद रंगाच्या. साक्षीदार मात्र एकही नाही. 'चौकशी लागली' म्हटल्यावर सगळं गाव शेताकडे पांगलं होतं. रिकाम्या खुर्च्या पाहून धनराजला नागपूर दूर जाताना दिसू लागलं. तेवढ्यात गुणाबाई पोह्यांचं ताट घेऊन आत आली आणि अध्यक्षांना पाहून हरखलीच.

"पोराची माय दिसते! आता रंगाचं कोन बोलन?"

चंचलनं कपाळाला हात लावला. पण दुभाष्यानं एक शब्दही गाळायचा नाही, असा नियम धनराजनंच घालून दिला होता. तिनं ते इंग्रजीत सांगितलं. बाई पोट धरून हसल्या, मग पुढे सरकून बसल्या. रंगावरून या मुलीला कोणी नाकारलंय का, असं त्यांनी विचारलं.

"नाकारलं ना! ह्याच धनराजनं. दोन बशा पोहे खाल्ले अन् म्हने सावळी हाये. जाऊ द्या, लेकरू हाये."

"चंचल, एवढं गाळ," धनराज कुजबुजला. "घरगुती गोष्ट आहे."

चंचलनं तेही इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. अखेर साक्षीदार मिळाला होता. धनराज सुरू झाला तो थांबेना. पत्रिका काढली, आत्याबाईचा हट्ट काढला, आईचा स्वभाव काढला. चंचलनं त्याचं 'अं... अं...' सुद्धा सोडलं नाही.

शेवटी त्याच्या सबबी संपल्या. "खरं सांगू? मले भेव होतं. लोक म्हणतीन, काळ्याले काळीच भेटली."

हे वाक्य इंग्रजीत न्यायला चंचलला जड गेलं. पण तिनं नेलं. मांडवात कोणी हसलं नाही. धनराजला स्वतःची मनापासून लाज वाटली.

जेवणं झाल्यावर बाईंनी निर्णय सांगितला. स्वतःवर आलं तरी जी शब्द गाळत नाही, तीच नागपूरची कचेरी सांभाळेल. आता या गृहस्थाला हाताखाली ठेवायचं का, ते तिनंच ठरवावं.

चंचलनं धनराजला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्यानं मान खाली घातली.

"आम्ही घरी जाऊन विचार करतो," ती म्हणाली, "अन् कळवतो."