‘गेला’ या शब्दाची कार्यवाही

न्यायाला उशीर होतो, अशी तक्रार अडाणी माणसेच करतात. न्याय उशिरा येत नाही, नीट तयारी करून येतो. आमच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तो इतकी तयारी करतो की तोवर तीन आरोपी म्हातारपणाने सुटले. (चौथ्याची तब्येत आम्ही जपतो आहोत.)

मी भाषांतर विभागात तपासणीस आहे. भाषा सव्वीस, भाषांतरकार एकशे चार, कॉफीचे यंत्र एक.

अकरा वर्षांपूर्वी एक शिंपीण साक्षीला आली. सैनिकांनी तिच्या गल्लीतली एकेचाळीस माणसे भिंतीशी उभी करून गोळ्या घातल्या होत्या. ती एवढेच बोलली, "मुलगा माझ्या डोळ्यांदेखत गेला." भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवून उतरवले : मुलगा साक्षीदारासमोर निघून गेला. मी तपासून सही केली. (तिची भाषा मला येते. घाईत होतो.)

नोंदीत मृत चाळीस धरले. एकेचाळिसावा निघून गेलेला असल्याने साक्षीसाठी त्याला समन्स काढले. एकूण समन्स सात, स्मरणपत्रे दोन, कडक स्मरणपत्र एक. सगळी आईच्या पत्त्यावर गेली. त्याने एकालाही उत्तर दिले नाही, यावरून त्याचा न्यायसंस्थेवर विश्वास नसावा असे मत नोंदवले गेले.

शिंपीण दरवर्षी येते. भरपाई नको म्हणते. मेलेल्यांच्या यादीत पोराचे नाव तेवढे घाला म्हणते. मागणी रास्त आहे आणि त्यासाठी आमच्याकडे सुटसुटीत एकपानी अर्जही आहे. त्यावर संबंधित व्यक्तीची सही लागते. संबंधित व्यक्ती म्हणजे मुलगा.

यंदा तिने अर्ज खिडकीतून परत सरकवला आणि विचारले, "साहेब, तुमची आई आहे?"

"नाही," मी म्हणालो. "गेली."

"कुठे?"

खरे सांगायचे तर फार लाज वाटली. पण लाजेसाठी अर्जात रकाना नाही, म्हणून मी खिडकी लावून घेतली. ती पुढच्या वर्षी येईलच.

वाचकहो, तुम्हालाही तिची दया आली असेल. पण चाळीस माणसे मेल्याचे वाक्य तुम्ही सहज ओलांडून आलात, आणि अडलात ते एका शब्दापाशी. आमच्या विभागाला नेमकी अशीच माणसे हवी असतात. दोन जागा रिकाम्या आहेत, अर्ज करा.