भांडणारी जीप

आमच्या गावात दोन माणसं भांडायला लागली की सोडवायला कोण येईल ते सांगता येत नाही, पण मोबाईल घेऊन दौलतभाऊ येणार हे नक्की. ते मधे पडत नाहीत. हात लांब करून मोबाईल धरतात आणि नम्रपणे म्हणतात, "चालू द्या जी. फक्त एकाच्या मागून एक बोला. संगमंग बोललं का आवाज फाटते."

सावली तालुक्यातल्या आमच्या गावाला आता त्याची सवय झाली आहे. बांधावरून एकमेकांच्या अंगावर गेलेले दोन सख्खे भाऊ भांडण संपल्यावर सोबतच विचारतात, "आवाज आला का, भाऊ, बराबर?"

ही सगळी भांडणं दौलतभाऊ जंगलाला ऐकवतात.

मोहाची फुलं गळायला लागली की बाया उजाडताच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. फुलं वेचायला वाकलेली बाई वाघाला बाई वाटतच नाही, एखादं जनावर वाटते. म्हणून माणसाचा आवाज हवा. दौलतभाऊंची जुनी जीप तेव्हा जंगलाच्या कडेला दारं उघडून उभी असते. तिच्यात टेप आहे ती कॅसेटच्या जमान्यातली. तिला मोबाईल जोडायला त्यांनी चंद्रपूरहून एक वायरवाली कॅसेट आणली आहे. दिसायला कॅसेट, पण पोटात फीत नाही. शेपटासारखी वायर बाहेर येते, ती मोबाईलला खुपसायची. मग मोबाईलमधलं भांडण जीपच्या स्पीकरमधून निघते आणि पार नाल्यापर्यंत जाते.

"गाणी लावा ना," मी एकदा म्हणालो.

"गान्याले काऊन घाबरंल वाघ? लग्नसराईत रोजच ऐकते तो. पण भांडणाजवळ कोणी जाते का? तू जाते का, सांग."

ग्रामसभेत वनहक्काच्या दाव्यांवर मी केलेलं भाषणही त्यांनी एकदा लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं बोलते बाबू तू. पण बाया जांभया देऊन राह्यल्या होत्या."

बायांनी जागं राहणं यात महत्त्वाचं. कारण त्या नुसतं ऐकत नाहीत, बाजू घेतात. स्पीकरमधून धाकटी सून सासूला काही बोलली की इकडच्या मोहाखालून आवाज येतो, "बराबर बोलली!" आणि तिकडच्या झाडाखालून, "लाज नाई का तिले?" दौलतभाऊ कान देऊन बसलेले असतात. कोणती बाई कुठे आहे, हे त्यांना त्या आवाजांवरून कळते. एखादा आवाज आला नाही की हॉर्न वाजवून तिचं नाव घेऊन हाक मारतात. मी मोर्चे पाहिले आहेत, घोषणांनी रस्ते दणाणताना ऐकलं आहे. पण वाघाच्या जंगलात बाया अशा मोकळ्या गळ्याने बोलताना मी पहिल्यांदा इथेच ऐकल्या.

"जंगलात जाताच कशाला?" असं विचारणारे शहरात बसून विचारतात. मोह काय त्यांच्या गच्चीवर गळतो? दौलतभाऊंची बायको पारबताबाई अशीच मोह वेचायला गेली आणि वाघाने तिला नेलं. तेव्हापासून मोहाच्या दिवसांत भाऊ एकही सकाळ घरी राहिलेले नाहीत.

यंदा एका सकाळी मी भाऊंसोबत जीपपाशी होतो, तेव्हा ऐन भांडणात स्पीकर खरखरला आणि बंद पडला. जीपची बॅटरी बसली होती. हॉर्न दाबला, तर मांजरीएवढाही आवाज नाही. मोबाईलचा आवाज दोन झाडांपलीकडे जाईना. नाल्याच्या रेतीत आदल्याच दिवशी वाघाची पावलं दिसली होती. आणि बाया तर पांगलेल्या. एकेक आवाज थांबत गेला.

दौलतभाऊ जीपच्या बोनेटवर चढले आणि ओरडले, "काऊन वं, एकटीच चालली?"

मग गळा बारीक करून, "तुले काय करा लागते? तू पूस तुही गाडी!"

"थांब म्हणतो न! येतो मी."

"थांबली असती. तू बोलला कुठी?"

मला हसू आलं. या माणसाला स्वतः भांडताना मी कधी पाहिलं नव्हतं. टोपली रिकामी करायला जीपपाशी आलेल्या म्हाताऱ्या सकुबाईने माझा दंड धरला.

"हासू नोको. पारबताचा आवाज काढून राह्यला तो. जलमभर दोघं भांडत भांडत मोहाले जात, कधी कोल्हा नाई फिरकला जवळ. त्या दिवशी अबोला होता त्याईचा. हा गाडी पुसत बसला, ते निघून गेली."

बोनेटवर दोन्ही आवाज चढत होते. मग नाल्याकडून एका बाईचा आवाज आला, "पारबताचं बराबर हाय!" लगेच दुसरीकडून, "तूच चुकला, दौलतभाऊ!" मग डावीकडून, उजवीकडून, साऱ्या मोहांखालून बाया त्यांना बोलू लागल्या.

दौलतभाऊंनी दोन्ही हात तोंडाशी धरले. आता आवाज त्यांचा स्वतःचा होता.

"मालूम हाय मले! बोलत राहा, बाई, बोलत राहा!"