कडूसकरकाकांची हाक

कडूसकरकाका जमिनीला घाबरतात. मुलीच्या लग्नात मुहूर्तमेढीचा खड्डा घेताना त्यांनी भटजींच्या हातातली पहार काढून घेतली आणि आधी अंगणभर यंत्र फिरवलं. भटजी घड्याळ दाखवत होते, काका म्हणाले, "थांबा वो, खाली काय हाय ते कळू द्या."

चाकणला जेसीबी लावण्याआधी जमिनीतल्या केबल शोधून देणं हा त्यांचा धंदा. मी ठेकेदाराचा सुपरवायझर. काकांकडे शोधायच्या तीन तऱ्हा आहेत आणि एकीवरही त्यांचा भरवसा नाही. रडारची ढकलगाडी दगडापासून पाइपपर्यंत सगळं दाखवते, पण ओल्या काळ्या मातीत आंधळी होते. नुसतं ऐकणारं लोकेटर वाहत्या करंटची गुणगुण पकडतं. करंट नसला की बहिरं. तिसरी तऱ्हा लाडकी: वर पेटी ठेवून आपणच खाली सिग्नल सोडायचा. "हाक मारायची राव. धातू आसंल तर ओ देतोय." पण शेजारचा पाइपही ओ देतो, म्हणून पुन्हा रडार. यात सकाळ जाते आणि ठेकेदाराच्या फोनवरच्या शिव्या मला खाव्या लागतात.

परवा गुरुवारी एका कारखान्याच्या आवारात चर खणायचा होता. गुरुवार म्हणजे आमच्याकडची साप्ताहिक सुट्टी, सगळी यंत्रं बंद. रडारला चिखलात काही दिसेना. लोकेटर गप्प. बीडचा सुग्रीव जेसीबी चालू करून बसलेला. मी ओरडलो, "काका, जागा साफ आहे, घेऊ का?"

काका पांढरेफटक पडले. "गप हाय म्हंजी मेलंय आसं न्हाई! यंत्रं बंद, म्हून करंट वाहत न्हाई. तारंत व्होल्टचा दाब हायच की!"

त्यांनी पेटी ठेवली. सुग्रीवच्या बकेटखाली, जेमतेम दोन हातांवर, ओ आली. बावीस हजार व्होल्टची केबल. 'साफ आहे' मीच म्हणालो होतो.

चर लांब सरकवला. तिन्ही तऱ्हांनी पुन्हा तपासला. मग काकांनी सुग्रीव सोडून आम्हा सगळ्यांना पार गेटापाशी हाकललं आणि स्वतः जेसीबीच्या पायरीवर चढले. केबिनचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मी गेटापासूनच ओरडलो.

"काका, उतरा! तुमचं काय काम तिथं?"

"मागं येकदा मीच खोद म्हणालो हुतो," काका माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाले. "केबल लागली. डायवर आत येकलाच हुता."

मग केबिनकडे वळले.

"खोद, लेका. मी हाय हितं."