संध्याकाळची जानकी

आमच्या शेजारच्या शैलाताईंनी एकदा आमच्या ह्यांना स्वतःच्या दारातून परत पाठवलं. हे सांगायला गेले होते की उद्या दिवसभर पाणी येणार नाही. शैलाताई म्हणाल्या, "एंट्री चुकली. पाणी जाणार आणि तुम्ही हसत काय येता? परत या." आणि आमचा भोळा सांब खरंच बाहेर आला, दार ओढून घेतलं, चेहरा पाडला आणि पुन्हा बेल वाजवली. घरात माझं इतक्या वर्षांत एक ऐकलं असेल तर शपथ!

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तरी शैलाताईंचं दिग्दर्शन मजल्यागणिक चालूच राहिलं. गणपतीच्या आरतीत त्या मागच्यांना पुढे आणत, उंचांना मागे लोटत. चौथ्या मजल्यावरचे अण्णा गेले तेव्हा त्यांच्या दोन सुना एकदम गळा काढून रडू लागल्या. शैलाताई हळूच वाकून म्हणाल्या, "एकीनं रडा, दुसरीनं तिला धरा. दोघी रडलात तर बघायचं कुणाकडे?" आणि खरं सांगते, धाकटीनं थोरलीला धरलं तेव्हा कुठे आम्हा सगळ्यांना रडू आलं.

एके काळी ह्या बाई घराघरात पोचलेल्या. मालिकेतली सोशिक सून जानकी, ती ह्याच. हिंदमाताला साडीच्या दुकानात बायका "जानकीसारखा काठ दाखवा" म्हणायच्या. मालिका संपली आणि शैलाताईंनी तोंडाला रंग लावणं कायमचं सोडलं. आधी दिग्दर्शन, मग स्वतःची निर्मिती. "पुष्कळ रडले. आता दुसऱ्यांना रडवते," म्हणायच्या. हळदीकुंकवाला कुणी जानकीचा एखादा संवाद म्हणायचा आग्रह केला तर सरळ उठून जायच्या.

घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. इंदूमावशी मूळच्या मालवणकडच्या, गिरणी कामगाराची बायको, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. शैलाताईंना लहानपणी आमटीभात त्याच भरवत, अगदी शाळेच्या जिन्यापर्यंत मागे धावून. गेल्या दोनेक वर्षांत मावशींना सगळं विसरायला झालं. आधी गॅस, मग दिवस, मग माणसं. एक दिवस त्यांनी शैलाताईंकडेच बोट दाखवून मला विचारलं, "ही बाई कोण? हिका भायर काढ."

त्या दिवसापासून मावशी लेकीच्या हातचं खाईनात. कामाच्या बाईच्या हातचंही नाही, माझ्याही नाही. वाळून काटकी झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. शैलाताई एरवी सेटवर शंभर माणसं हलवतात, पण त्यांना आईचं तोंड उघडवता येईना. जिन्यात भेटल्या की नुसत्या मान हलवायच्या.

मग अचानक काहीतरी बिघडलं, किंवा सुधारलं, आम्हाला कळेना. शैलाताई शूटिंग लवकर आटपून संध्याकाळी घरी यायला लागल्या. आणि दाराच्या फटीतून दिसायच्या कशा, तर काठापदराची साडी, मोठं कुंकू, केसांत गजरा! ह्या वयात! मजल्यावर कुजबुज झाली. मीही केली, उगाच साळसूदपणा कशाला करू?

एकदा मी काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मावशी कॉटवर बसलेल्या, समोर जमिनीवर शैलाताई. डोक्यावर पदर, नजर खाली, आवाज तो टीव्हीतला, मऊ. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. नंतर त्यांनीच सांगितलं, की फोनवर त्या मालिकेचा जुना भाग लागला होता तो बघून मावशी खुलल्या, "जानकी इली गो" म्हणाल्या. मावशींना मुलगा नाही, पण सून मात्र ओळखू आली. लेक नाही आली.

मी तशीच उभी राहिले. शैलाताईंच्या हातचा एकेक घास मावशींच्या तोंडात जात होता. मध्येच मावशींनी शैलाताईंचा हात धरला.

"तू रोज येतस गो. माझा चेडू काय येवक नाय."

लेकीचा विषय निघाला आणि शैलाताईंचा हात थांबला. मला वाटलं, आता ह्या सांगून टाकतील. आई, मीच ती. पण त्यांनी पदर सारखा केला.

"येतील हो वन्सं," त्या म्हणाल्या. "कामात असतात ना."

"इला तर तेका काय बोला नको हां," मावशी म्हणाल्या. "लय दमता ता."

"नाही बोलणार, आई."

शैलाताईंनी पुढचा घास केला आणि मावशींनी तोंड उघडलं.