कमी करण्यापुरता कचरा

कोणतीही गोष्ट कमी करायची असेल, तर ती आधी भरपूर असावी लागते. हे सत्य कळायला भल्याभल्यांचं आयुष्य जातं. सहावीतल्या धाकटीला ते शाळेच्या 'घरगुती कचरा निर्मूलन व पर्यावरण संरक्षण अभियाना'मुळे इतक्या लहान वयात कळलं, हे शाळेचे उपकारच म्हणायचे.

अभियानाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. प्रत्येकाने घरचा आठवड्याचा कचरा (कोरडा, न गळणारा, शक्यतो वास न येणारा) शाळेत आणून त्याचं वजन करून घ्यायचं. महिन्याने पुन्हा आणायचा. तो निम्म्याहून कमी भरला, तर हिरवी टोपी. टोपीवाल्यांनी शाळेमागच्या जागेत आपापलं रोप लावायचं. उरलेल्यांनी वर्गात बसून 'मी लावलेले रोप' या विषयावर निबंध लिहायचा.

धाकटीने खिडकीतल्या फुटक्या कपात लिंबाचं रोप वाढवलं होतं. त्याची मुळं आता कपात मावत नव्हती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घराला अंगण नव्हतं. शाळेमागची जागा मिळाली नाही तर रोप जाणार, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं.

पण तिचं घर कचऱ्याच्या बाबतीत फारच मागासलेलं. आई शिवणकाम करायची आणि चिंध्या उशांत भरायची. बाबा पंखे-मिक्सर दुरुस्त करायचे. त्यांनी आयुष्यात एखादा स्क्रू फेकल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. भाज्यांची सालं गल्लीतल्या गाईला जायची. दादाचे शर्ट आधी धाकटीचे व्हायचे, मग फरशीचे. त्यामुळे सोमवारी धाकटीच्या पिशवीत निघाला एक दात पडलेला कंगवा आणि संपलेलं पेन. तराजूचा काटा जेमतेम हलला.

"बाकीचा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"एवढाच असतो, बाई."

"अगं, मग यातून तू कमी काय करणार?" बाई मुळात प्रेमळ. त्यांनी कचरा नीट करून आणायला गुरुवारपर्यंत मुदत दिली.

धाकटी घरी येऊन रडली. "आपल्याकडे कचरा नाही म्हणून रडतेस?" आई म्हणाली. "उद्या घरात कोणी आजारी नाही म्हणून रडशील."

बाबांना मात्र लेकीचं तोंड बघवेना. ते शेजारी कचरा उसना मागायला गेले. शेजारच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं. "दिला असता हो, पण आमच्याच पिंट्याला पुरत नाहीये."

साऱ्या गल्लीचं हेच होतं. घराघरांतून कचरा बाहेर पडायचा थांबला. कचऱ्याची गाडी रिकामी येई, रिकामी जाई; चालकाने दोन-तीन घरी विचारूनही पाहिलं, माझं काही चुकलं का म्हणून. नगरपालिकेने त्या आठवड्यात ही गल्ली सर्वांत स्वच्छ ठरवली. (कचरा त्या वेळी पलंगांखाली होता.) अभियानातला सहभाग एकशे बारा टक्के भरला, कारण काही मुलांनी मामेभावंडांचाही आणला होता.

शेवटी बाबा दुकानात गेले. "आत माल कमी आणि वर वेष्टण जास्त, असं काही आहे का?" त्यांनी संकोचत विचारलं.

"सगळंच," दुकानदार म्हणाला.

मग खोक्यात पाकीट, पाकिटात खाचांची ताटली आणि ताटलीत एकेक कागदात गुंडाळलेली बिस्किटं, असा ऐवज घरी आला. नळाला चांगलं पाणी असताना पाण्याच्या बाटल्या आल्या. सगळं घर जबाबदारीने खात-पीत बसलं. आई आधी तोंड फिरवून बसली होती. मग चव तरी बघू, म्हणून तिने एक बिस्कीट घेतलं.

गुरुवारी पिशवी दोन हातांनी उचलावी लागली. "आता कशी शहाण्यासारखी वागलीस," बाई म्हणाल्या.

महिन्याने धाकटीने पुन्हा आपला नेहमीचा कचरा नेला. घट सत्त्याण्णव टक्के, शाळेतला उच्चांक. मुख्याध्यापकांनी तिला व्यासपीठावर बोलावून विचारलं, "बाळ, हे कसं साधलंस?"

धाकटीला खोटं बोलता येत नाही. "आधी आम्ही वाढवला, सर."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नियोजन म्हणतात ते हेच, असं मुख्याध्यापक म्हणाले. पुढच्या वर्षीपासून पालकांनी सुट्टीतच तयारीला लागावं, असं तिथल्या तिथे ठरलं.

रोप लागलं. धाकटीने दोन्ही हातांनी माती दाबली, आणि तिला इतका आनंद झाला की तिच्यासाठी असा कचरा कोणीही केला असता.

अभियान संपलं, पण शिवता शिवता हाताशी बिस्किटांचं एक पाकीट असलेलं आईला बरं वाटू लागलं. कामावर बाटली न्यायची आणि तिथेच टाकायची, हे बाबांना सोयीचं पडलं. स्वयंपाकघरात झाकणाचा एक मोठा डबा आला आणि रोज भरू लागला.

"बाबा, हा पुढच्या वर्षीसाठी ना?" धाकटीने एकदा विचारलं.

"नाही गं," बाबा म्हणाले. "असाच."

आता ते घर अगदी चारचौघांसारखं, म्हणजे तुमच्याआमच्यासारखं झालं आहे. फरक एवढाच, की त्यांनी डबा भरायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे निदान एक कारण होतं.